पेटी क्रमांक एक्केचाळीस

ते गाणं करंजटोल्यात कोणी कधी ऐकलं नाही. ऐकायला वेगळं यंत्र लागतं, ते चंद्रपुरातही कोणाच्या घरी असेल असं वाटत नाही. गावात आली ती फक्त त्या गाण्याच्या तबकडीची पेटी.

मीठमोहर नावाची पुण्याची एक जोडी आहे, एक मुलगी आणि एक मुलगा. दोघं मिळून गाणी करतात आणि कॉलेजातली पोरं त्यांच्यावर जीव टाकतात. त्यांनी इकडच्या जंगलातल्या काजळी नावाच्या वाघिणीवर एक गाणं केलं. गाणं एकच, पण विकायला काढलं तीन तऱ्हांनी. साध्या पुठ्ठ्याच्या पाकिटात काळी तबकडी ही पहिली तऱ्हा. दुसरीत तबकडी तीच, पण हिरवी, आरपार दिसणारी, आणि सोबत भिंतभर पोस्टर. तिसरी शौकिनांसाठी, बांबूच्या पेटीत. पेट्या मोजून तीनशे, प्रत्येकीवर आकडा. ज्याच्या हाती एक लागली त्याला उरलेल्या दोन्हींशिवाय चैन पडू नये, अशी सगळी मांडणी होती.

पेट्या विणायचं काम करंजटोल्याच्या महिला गटाकडे आलं. आणून दिलं गुणवंतरावांनी. त्यांच्या दोन जिप्स्या सफारीला चालतात, त्यामुळे शहरातला माणूस आधी त्यांच्याकडेच येतो. गटात हात सगळ्यांचेच चांगले होते, पण पुण्याच्या माणसाशी न अडखळता बोलणारी एकच, माधवी. चंद्रपुरातून बी.एस्सी. झालेली, लग्न होऊन या गावात आलेली, आणि दोन वर्षांपासून कशाचीही धास्ती घेणारी.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये तिची सासू रुखमाबाई मोहफुलं वेचायला गेली, ती चालत परत आली नाही. पांदणीची गाडीवाट जिथं वळते तिथं सापडली, जेवढी सापडली तेवढी. वनखात्याच्या कागदावर 'अज्ञात वाघ' असं आलं. गावाच्या लेखी त्यात अज्ञात काही नव्हतं. त्या साली त्या भागात एकच वाघीण पिल्लं घेऊन फिरत होती, काजळी. तेव्हापासून माधवीनं खुशबूच्या पायात घुंगरांचे पैंजण घातले होते. हौस म्हणून नव्हेत. लेक चार वर्षांची, पायाला भिंगरी. आवाज थांबला की माधवीचे हात थांबत, मग ते कणकेत असोत की बांबूच्या पट्टीवर.

जंगलात वाघानं माणूस नेलं की त्या जागेवरून जाणारा प्रत्येक जण तिथं एक गोटा ठेवतो. इकडची रीतच आहे ती. वळणावर अशी रास झाली होती. पहिला गोटा राजदीपनं ठेवला, माधवीच्या नवऱ्यानं. तो बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये ठेक्यावर आहे. रोज गाडीनं तिथून जातो, रोज थांबतो. एकदा माधवीनं विचारलं होतं, "आपण तं बौद्ध माणसं. आत्मा मानत नाई. मंग गोटा कायले?"

"आत्म्यासाठी नाई ठेवत," राजदीप म्हणाला. "माय इथी होती, एवढं सांगाले ठेवतो."

शेजारपाजारचे हळद लावून ठेवत, हे बिनहळदीचे ठेवत. खुशबूनंही एक ठेवला होता. तिनं तो आईच्या नेलपॉलिशनं रंगवला होता, गुलाबी.

पाकीट कसं दिसावं, पेटी कशी असावी हे ठरवणारी पुण्याची मुलगी फेब्रुवारीत जंगल बघायला आली. गुणवंतरावांच्या जिप्सीत बसून निघाले सगळे. चालवायला डोमा, शेजारी गुणवंतराव, मागे ती मुलगी आणि माधवी. निघण्याआधी गुणवंतरावांनी माधवीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पाहुण्यापुढे रडगाणं नोको काढू बाई. माणसं मेली म्हटलं की गिऱ्हाईक दुसऱ्या गेटवर जाते."

वळणावर मुलीनं गाडी थांबवायला लावली. "माधवीताई, हे काय आहे?"

पुढच्या सीटवर गुणवंतराव खाकरले. पण खरं सांगायचं तर ते खाकरले नसते तरी माधवी बोलली नसती. डोळ्यांवर काळा चष्मा लावलेल्या, तासाभरापूर्वी ओळख झालेल्या पोरीच्या हातात आपल्या सासूचं मरण द्यावं असं तिला वाटेना. ती म्हणाली, "इथून जाणारा प्रत्येक जण एक दगड ठेवतो. मान म्हणून."

"कोणाचा मान?"

"जंगलात... जे आहे त्याचा."

मुलीनं वहीत लिहून घेतलं. "किती सुंदर बोलता हो तुम्ही," म्हणाली. आणि सांगायला लाज वाटते, पण तो अख्खा दिवस माधवीला बरं वाटत राहिलं होतं.

मार्चमध्ये पेटीचा नमुना ठरून आला. झाकणाला कडीकोयंडा नाही. झाकणावर सुतळीनं एक दगड बांधायचा, तोच सोडला की पेटी उघडते. दगड अंगठ्याएवढा, स्वच्छ. रिकाम्या पेट्या पुण्याला जाणार, तबकड्या तिकडे भरणार. दगड डोमानं पोत्यात भरून आणले. "जवळपासचेच हायेत," गुणवंतराव म्हणाले.

समाजमंदिरात बायका घोळक्यानं बसत. गटाच्या अध्यक्ष कमळाबाई विणायच्या, माधवी टोपल्यात दगड घेऊन ब्रशनं घासायची. काहींवर पिवळा डाग असायचा.

"देवळातले दिसते बाप्पा हे गोटे," कमळाबाई म्हणाल्या.

"नाल्याकाठचे असतील. कोणी पूजा केली असेल," माधवी म्हणाली, आणि धुण्याची पावडर टाकून पुन्हा घासायला लागली. डाग जाईस्तोवर घासायची. अर्धवट काम तिला जमत नसे.

दिवसभरात न झालेल्या पेट्या बायका घरी नेऊन बांधत. एका सकाळी माधवी खुशबूला आंघोळ घालत होती, तर भिंतीपलीकडून कमळाबाईंचा आवाज आला. "माधवी, एका गोट्याले रंग लागून आहे व. निघूनच नाई राह्यला. फेकू काय?"

"फेकू नका. पुण्याच्या मॅडम म्हणाल्या, एखादा वेगळा असला तर चांगलंच. बांधून टाका."

त्याच आठवड्यात राजदीप डबा घेऊन निघता निघता म्हणाला, "माईच्या जागेवरचे गोटे कमी होऊन राह्यले. अर्धी रास बसली. रस्त्याच्या ठेकेदाराचे लोकं नेत असन."

"जाऊ द्या, पुन्हा ठेवू," माधवी म्हणाली. तिचा कान अंगणातल्या घुंगरांकडे होता. त्याला वाटेला लावून ती समाजमंदिरात गेली आणि दुपारपर्यंत तिनं पंधरा गोटे घासले. पुढे कितीतरी दिवस तिला हेच आठवत राहिलं. पाखरू उडालं तरी दचकणारी आपण, आपल्याच टोपल्यात काय आहे ते आपल्याला दिसलं नाही.

एप्रिलच्या शेवटी दोनशे पेट्या पुण्याला जाऊन विकल्याही गेल्या होत्या, शंभर समाजमंदिरात बांधून पडल्या होत्या. त्या दिवशी गुणवंतराव एक भरलेली पेटी घेऊन आले. नमुन्याची होती, आकड्याच्या जागी शून्य. बायकांनी ती हातात धरून फोटो काढायचा होता.

"पाहू द्या तं, काय भरलं आपल्या पेटीत." कमळाबाईंनी सुतळी सोडली. काळी तबकडी वर काढली, उलटसुलट केली. "हा तं तवा हाये. भाकर थापू काय याच्यावर?"

"थापा, गाणं म्हणत फुगन," कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या.

तबकडीचं पाकीट खाली सतरंजीवर पडलं होतं. जाड, खडबडीत कागद, त्यावर फोटो. सकाळच्या उन्हात काजळी बसलेली, हनुवटी जवळजवळ दगडांच्या राशीवर टेकलेली. माधवी बघत राहिली. वळण, मागचं येनाचं वाकडं झाड, डावीकडचं वारूळ. तिच्या आधी खुशबू बोलली. पाकिटावर बोट ठेवून, खुशीत.

"आजीचे गोटे."

हसणं थांबलं. माधवीनं पाकीट उलटं केलं. मागे ते दोघं गाणारे पाठमोरे चालत होते आणि खाली बारीक अक्षरांत मजकूर होता. कमळाबाई म्हणाल्या, वाच. तिनं वाचलं. "अरण्यातली माणसं आपल्या राणीला मान म्हणून वाटेवर दगड वाहतात. या पेटीला बांधलेला दगड त्याच राशीतला आहे. तीनशे पेट्या, तीनशे दगड. दुसरा असा मिळणार नाही."

'मान म्हणून' हे तिचेच शब्द होते. तिनं पाकीट खाली ठेवलं.

डोमा बाहेर गाडीला टेकून उभा होता. तिनं विचारलं, "डोमाभाऊ, गोटे कुठून आणले?"

"गुणवंतरावनं फोटो दाखवला मले. म्हणे, यातले आण. यात दुसरे गोटे कुठी हायेत?"

"ती जागा कोणाची, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

डोमानं तिच्याकडे नीट बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, असती तर बरं झालं असतं. "माहीत होतं बाई. पण तुमीच मॅडमले सांगलं ना, मान म्हणून ठेवते म्हणून. मी गाडीतच होतो. म्हटलं, घरच्यायलेच चालते तं मी कोण बोलणारा."

तिनं पुण्याला फोन लावला आणि फेब्रुवारीत जे बोलली नव्हती ते सगळं सांगितलं. पलीकडे ती मुलगी रडली. खरंच रडली, त्यात नाटक नव्हतं. म्हणाली, "ताई, पण मला आधी सांगायचं ना." मग नाक पुसल्याचा आवाज आला, आणि जरा वेळानं ती म्हणाली, "खरं म्हणजे हे कळल्यावर गाण्याचा अर्थच बदलतो. दुसरी आवृत्ती निघाली तर आजींचं नाव घालूया का? त्यांचा एखादा फोटो आहे?"

"नको," माधवी म्हणाली. "दोनशे गेलेत, ते परत मिळतील?"

"ते लोकांच्या घरी पोचलेत, ताई. आता कोणाकोणाला मागणार?"

फोन ठेवून ती समाजमंदिरात परत आली, विळा घेतला आणि उरलेल्या पेट्यांच्या सुतळ्या कापायला बसली.

"काय करून राह्यली व?" गुणवंतराव दारातून म्हणाले. "उद्या गाडी भरायची हाये."

"भरा. दगड दुसरे बांधून देते."

"त्यायले राशीतलेच पाहिजे."

"कोणाला कळणार आहे?"

गुणवंतराव आणखी काही बोलणार होते, पण कमळाबाई उठल्या. पदर खोचून म्हणाल्या, "घमेले घ्या व पोरीहो. नाल्यात गोट्यायचा काय दुष्काळ पडला?" संध्याकाळच्या आत शंभर पेट्यांवर नाल्याचे गोटे चढले. नमुन्याची पेटी कोणी घरी न्यायला तयार होईना, म्हणून ती माधवीकडेच राहिली.

रविवारी दुपारी दोघं नवराबायको पोतं घेऊन वळणावर गेली. राजदीपला तिनं एवढंच सांगितलं होतं, की गोटे सापडले. तो उकिडवा बसून एकेक रचायला लागला तेव्हा तिनं बाकीचं सांगितलं. काही गाळलं नाही.

तो रचत राहिला. मग म्हणाला, "काही गोट्यायले हळद होती. कमळाबाईनं लावलेली, बुधूच्या मायनं लावलेली."

"होती."

"कुठी गेली?"

"मी घासली. ब्रशनं."

त्याच्या हातातला गोटा हातातच राहिला. "महिनाभर मी त्या ठेकेदाराले शिव्या देऊन राह्यलो," तो म्हणाला, "अन् तू माया डबा भरून राह्यली होती." आवाज चढला नाही. खुशबू तेवढ्यात राशीभोवती फिरून आली. तिचा गुलाबी गोटा कुठेच नव्हता. "आई, माया गोटा कुठी आहे?" तिनं विचारलं, आणि राजदीपनंही माधवीकडे पाहिलं.

भिंतीपलीकडून आलेला आवाज माधवीला तेव्हा आठवला. 'बांधून टाका', असं ती म्हणाली होती. साबणाच्या फेसानं भरलेल्या हातांनी.

तो गोटा तिला जूनमध्ये दिसला. शौकीन मंडळी पेटी मिळाली की ती उघडतानाचा व्हिडिओ टाकतात, हे तिला तोवर कळलं होतं, आणि ती रोज बघत होती, एकामागून एक. नाशिकचा एक मुलगा होता. त्यानं पांढरे हातमोजे घालून सुतळी सोडली, दगड कॅमेऱ्यासमोर धरला. "पेटी क्रमांक एक्केचाळीस. आणि बघा, हिच्यावर गुलाबी ठिपका आहे. बाकी कोणाच्याच दगडावर नाही. म्हणजे ही तीनशेतली पण एकटीच." खाली लोकांनी रांग लावली होती. कोणी हिरवी तबकडी द्यायला तयार, कोणी पोस्टर सह्यांसकट.

माधवीनं त्याला लिहिलं, 'तो दगड माझ्या मुलीनं रंगवला आहे. चुकून गेला. कृपया परत पाठवा.'

उत्तर तासाभरात आलं. 'किती गोड! पण मी फक्त अदलाबदल करतो. तुमच्याकडे काय आहे?'

तिच्याकडे शून्य आकड्याची पेटी होती. तिनं फोटो पाठवला. या वेळी उत्तराला एक मिनिटही लागलं नाही.

पार्सल यायला पावसाळा सरला. आत हातभर बुडबुड्यांचं प्लास्टिक, त्याच्या आत डबी, डबीत एक पारदर्शक ठोकळा, काचेसारखा, मुठीत मावेल एवढा. त्याच्या मधोमध खुशबूचा गोटा. सोबत चिठ्ठी. 'रंग निघून जाऊ नये म्हणून मी तो आधीच रेझिनमध्ये बंद करून घेतला होता. आता शंभर वर्षं काही होणार नाही.'

खुशबूनं ठोकळा सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला, दात लावून पाहिला. "गोट्याले याच्यात काऊन कोंडलं?"

राजदीपनं हातोडी आणली, ठोकळ्यावर धरली आणि खाली ठेवली. वरचं फुटलं असतं तर आतलंही फुटलं असतं. "तूच नेऊन ठेव," तो म्हणाला. तो स्वतः आता वळणावर थांबत नव्हता. का, हे माधवीनं विचारलं नव्हतं, कारण तिलाही तिकडे जाववलं नव्हतं.

थंडी पडायला लागली तेव्हा एका सकाळी खुशबूचं बोट धरून ती गेली, आणि लांबूनच थबकली. रास बसली नव्हती, उलट वाढली होती. पार कमरेच्या वर आली होती. गाणं चाललं होतं म्हणे फार. जिप्सीतून येणारा जो तो पाकिटावरचं वाचून एक दगड घेऊन येत होता. गुळगुळीत पांढरे गोटे, दुकानात मिळतात तसे. एकावर बदामाची खूण, एकावर त्या जोडीचं नाव, एकावर 'लव्ह यू राणी'. खाली कुठेतरी तिनं घासून स्वच्छ केलेले शंभर होते. कमळाबाईचा कोणता, राजदीपचा पहिला कोणता, काही म्हणता काही ओळखता येईना.

"कुठी ठेवू?" खुशबूनं विचारलं.

मागून जिप्सी आली. डोमानं माधवीला पाहिलं आणि नजर समोर रस्त्यावर लावली. मागच्या सीटवरची बाई उतरली, हातात दगड, गळ्यात कॅमेरा. खुशबूसमोर वाकून म्हणाली, "अगं, किती छान आहे तुझा. राणीसाठी आणलास?"

खुशबूनं आईकडे पाहिलं.

"राणीसाठी नाही," माधवी म्हणाली. फेब्रुवारीत घशाखाली ढकललेलं सगळं तिनं एका दमात बाहेर काढलं. "माझी सासू इथे मेली. वाघिणीनं नेलं तिला. हे सगळे दगड तिचे होते. रुखमाबाई तिचं नाव."

बाईचा चेहरा पडला. तिनं हात छातीशी नेला. "अरेरे," ती म्हणाली, आणि ते मनापासून होतं. मग हळूच, अगदी अदबीनं तिनं विचारलं,

"मुलीचा एक फोटो घेऊ का? दगड हातात धरून?"

माधवीनं खुशबूच्या हातातून ठोकळा घेतला, पदरात गुंडाळला आणि लेकीला पुढे घालून गावाकडे चालायला लागली. मागे दगडावर दगड ठेवल्याचा आवाज झाला, मग कॅमेऱ्याचा. तिनं वळून पाहिलं नाही. तिचं सगळं लक्ष पुढे वाजणाऱ्या घुंगरांकडे होतं.